बी.एम.एस. की बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज)? पदवीचं नाव कोण ठरवतं

प्रश्न : मुलगी बारावी कॉमर्स झाली. तिची आतेबहीण ज्या कॉलेजातून बी.एम.एस. झाली, तिथे आता तोच कोर्स ‘बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज)’ या नावाने आहे आणि सीईटी (सामायिक प्रवेश परीक्षा) लागत नाही. दुसऱ्या कॉलेजात बी.एम.एस. आहे, पण सीईटी द्यावी लागते. एका खासगी विद्यापीठात ‘बी.बी.ए. ऑनर्स इन डिजिटल बिझनेस’ आहे. पुढे एम.बी.ए. किंवा बँकेच्या परीक्षा द्यायचा विचार आहे. यातल्या कोणत्या नावाला किंमत आहे? — एक पालक, ठाणे जिल्हा

उत्तर :

नमस्कार ताई. पहिल्या दोन कॉलेजांमध्ये शिकवला जाणारा बराचसा भाग सारखाच असू शकतो. मग सीईटी एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, असं का? पदवीचं नाव बदललं की तिच्यावर देखरेख करणारी संस्था बदलते, म्हणून. एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाला मान्यता देणारी केंद्रीय परिषद) 2024-25 पासून बी.बी.ए., बी.सी.ए. आणि बी.एम.एस. हे अभ्यासक्रम आपल्या मान्यतेखाली घेतले आणि महाराष्ट्रात त्यांच्या प्रवेशासाठी सीईटी आली. बी.कॉम. त्या कक्षेत येत नाही. त्यामुळे मुंबईतल्या अनेक कॉलेजांनी नाव बदलून घेतलं. यात लबाडी नाही, पण हा बदल मुलांच्या सोयीपेक्षा कॉलेजांच्या सोयीचा जास्त आहे, हे ध्यानात ठेवा.

पदवीचं नाव दोन थरांत वाचायचं. कंसाबाहेरचं नाव कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या मर्जीवर नसतं. विद्यापीठ अनुदान आयोग (यूजीसी) कायदा, 1956 च्या कलम 22 नुसार पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठं, अभिमत विद्यापीठं (विद्यापीठाचा दर्जा दिलेल्या संस्था) आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्था यांनाच आहे. पदवी म्हणजे काय, हे यूजीसी राजपत्रात यादी छापून ठरवते. सगळ्या पदव्यांची एकत्रित यादी 2014 मध्ये निघाली. यादीबाहेरचं नाव हवं असेल, तर अभ्यासक्रम सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी कारणांसह आयोगाकडे जावं लागतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेलाही त्याच वर्षी आपली चार वर्षांची ‘बी.एस.’ बदलून ‘बी.एस्सी. (रिसर्च)’ करावी लागली. उलट बाजूही पाहा. आयआयएम वर्षानुवर्षं पदविका देत होत्या, कारण पदवी देण्याचा अधिकारच त्यांच्याकडे नव्हता. 2017 चा आयआयएम कायदा अमलात आल्यावर त्या एम.बी.ए. देऊ लागल्या.

कंसातला विषय विद्यापीठात ठरतो. अभ्यास मंडळ प्रस्ताव तयार करतं आणि तो विद्याशाखेमार्फत विद्या परिषदेपुढे जातो. कोणत्या विद्याशाखेतून प्रस्ताव आला, यावर यादीतलं कोणतं नाव कंसाबाहेर येणार, हे बरंचसं अवलंबून असतं. पुण्यात संगणकाचा एक कोर्स वाणिज्य शाखेत बी.बी.ए. (सी.ए., म्हणजे कॉम्प्युटर अॅप्लिकेशन) म्हणून चालतो आणि दुसरा विज्ञान शाखेत बी.सी.ए. (सायन्स) म्हणून, त्याचं कारण हेच. मुंबईत ज्याला सगळे बी.ए.एफ. म्हणतात, ती पदवी कागदावर बी.कॉम. (अकाउंटिंग अँड फायनान्स) आहे. म्हणजे कंसवाली बी.कॉम. हा काही नवा प्रकार नाही.

आता मुलीच्या दृष्टीने पाहू. महाराष्ट्रातल्या एम.बी.ए. प्रवेशाला किमान तीन वर्षांची कोणत्याही शाखेची पदवी आणि 50 टक्के गुण लागतात (राज्यातल्या राखीव प्रवर्गासाठी 45). बँक पीओच्या (प्रोबेशनरी ऑफिसर) परीक्षेला कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. या दोन्ही ठिकाणी बी.एम.एस. आणि बी.कॉम. समान आहेत. फरक पडतो तो विषयाची अट असते तिथे. उद्या तिने एम.कॉम. करायचं ठरवलं तर बी.कॉम. नावाला प्रश्न येत नाही. बी.एम.एस.ला मात्र त्या-त्या विद्यापीठाचे पात्रता नियम वाचावे लागतात. म्हणून केवळ नावाचा विचार केला तर मी बी.कॉम.कडे झुकेन. अर्थात सीईटी देऊन मिळणारं कॉलेज शिक्षक आणि प्लेसमेंटच्या बाबतीत स्पष्टपणे सरस असेल, तर नावासाठी ते सोडू नका.

खासगी विद्यापीठाच्या बाबतीत जास्त कसून विचारा. जाहिरातीत छापलेलं नाव आणि पदवी प्रमाणपत्रावर छापलं जाणारं नाव एकच आहे का, हे लेखी घ्या. ‘डिजिटल बिझनेस’ हे शब्द प्रमाणपत्रावर येणार की फक्त गुणपत्रिकेवर, हेही विचारा. ‘ऑनर्स’साठी यूजीसीच्या डिसेंबर 2022 च्या आराखड्यात चार वर्षं आणि किमान 160 क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवरून मोजलं जाणारं एकक) लागतात. तीन वर्षांनी, 120 क्रेडिटवर बाहेर पडलं तर साधी पदवी मिळते. ‘ऑनर्स विथ रिसर्च’साठी पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के हवेत. तीन वर्षांत ऑनर्स देतो असं कुणी म्हणालं, तर कोणत्या नियमानुसार, ते दाखवायला सांगा. शिवाय बी.बी.ए. म्हटलं की एआयसीटीई मान्यतेचा मुद्दा इथेही तपासायचा.

प्रवेशाआधी कॉलेजकडे तीन कागद मागा : या वर्षाचं विद्यापीठाचं संलग्नीकरण पत्र (त्यात कोर्सचं नेमकं नाव आणि प्रवेश क्षमता असते), नाव बदललं असेल तर त्याचं परिपत्रक आणि मागच्या बॅचची गुणपत्रिका. कॉलेज स्वायत्त असलं तरी पदवी विद्यापीठच देतं, तेव्हा विद्यापीठाचं पत्र हवंच. तिन्ही कागदांवरची नावं अक्षरशः जुळवा. मागची बॅच जुन्या नावाची असेल तर त्यांची गुणपत्रिका वेगळी दिसेल. हा फरक परिपत्रकातल्या वर्षाशी जुळला म्हणजे झालं.

नंतरची गडबड बहुतेक वेळा अर्ज भरताना होते. कॉलेजात सगळे ‘बी.एम.एस.’च म्हणतात, म्हणून मुलं अर्जातही तेच निवडतात. कागदपत्र पडताळणीत प्रमाणपत्रावर बी.कॉम. निघतं आणि उमेदवारी अडकते. तिने पदवीच्या रकान्यात बी.कॉम. आणि विषयाच्या रकान्यात मॅनेजमेंट स्टडीज लिहायचं. एखाद्या संस्थेने तरीही हरकत घेतली तर विद्यापीठाकडून समकक्षता प्रमाणपत्र (दोन पदव्या बरोबरीच्या असल्याचा दाखला) मिळवता येतं, पण त्याला वेळ लागतो आणि पडताळणीची तारीख थांबत नाही. त्यासाठी तिच्या वर्षाचा शिक्कामोर्तब केलेला अभ्यासक्रम आणि नावबदलाचं परिपत्रक शेवटच्या वर्षातच काढून ठेवा. कॉलेज सोडल्यावर तेच कागद मिळवायला फार हेलपाटे पडतात.