19व्या शतकाच्या सुरुवातीला इतकी जहाजे का बुडत असत? कारण केवळ वादळेच होती का?

आपला प्रश्न असा आहे की, 1800 ते 1820 या काळातल्या इतक्या जहाजांच्या नाशाच्या हकिकती वाचायला मिळतात, तर त्यामागे वादळेच होती की आणखी काही, आणि या साऱ्याचा मुंबईशी काही संबंध येतो का. गेली बरीच वर्षे मी त्या काळच्या सागरी प्रवासांविषयी मिळेल ते वाचत आलो आहे, म्हणून जरा सविस्तर उत्तर देतो.

प्रथम एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. आपण आज 'जहाज बुडाले' असे सरसकट म्हणतो. जुन्या मराठीत मात्र 'तारू फुटले' असा प्रयोग आढळतो, आणि तो वस्तुस्थितीला अधिक धरून आहे. त्या काळची बरीच जहाजे भर समुद्रात बुडाली नाहीत. ती किनाऱ्याजवळच्या खडकांवर किंवा वाळूच्या दांड्यांवर आदळून फुटली, कित्येकदा तर जमीन डोळ्यांना दिसत असताना. वादळाचा वाटा मोठा होता यात शंका नाही. पण वादळात सापडलेले जहाज त्या जागी मुळात पोहोचले कसे, असा प्रश्न विचारला की बहुतेक वेळा एकच उत्तर हाती येते: आपण नेमके कोठे आहोत हे जहाजावरच्या कोणालाच ठाऊक नव्हते.

समुद्रात जागा ठरवायला अक्षांश आणि रेखांश दोन्ही लागतात. अक्षांश काढणे तुलनेने सोपे होते. दुपारी सूर्य माथ्यावर आला की त्याची उंची मोजायची आणि कोष्टक पाहायचे. रेखांशासाठी मात्र वेळ लागते. पृथ्वी 24 तासांत 360 अंश फिरते, म्हणजे 4 मिनिटांत 1 अंश. तेव्हा जहाजावर दुपारचे बारा वाजले असताना ग्रीनिचला किती वाजले आहेत हे कळले, तर दोन्हींतल्या फरकावरून आपण किती पूर्वेला आहोत ते सांगता येते. जहाजाच्या हेलकाव्यांत आणि बदलत्या हवामानात महिनोन्महिने अचूक चालणारे घड्याळ, म्हणजे क्रोनोमीटर, जॉन हॅरिसन यांनी 18व्या शतकातच सिद्ध करून दाखवले होते. म्हणजे 1800 साल उजाडले तेव्हा उपाय माहीत होता. महाग असल्यामुळे तो सर्वांकडे नव्हता, एवढेच.

घड्याळ नसेल तर चंद्र आणि तारे यांच्यातील कोन मोजून रेखांश काढण्याची एक रीत होती, पण तिला स्वच्छ आकाश आणि बरीच आकडेमोड लागे. आकाश झाकलेले असले की उरे तो अंदाज. दोरीला लाकडी फळी बांधून ती जहाजाच्या मागे पाण्यात सोडायची, वाळूच्या घड्याळातील वाळू रिकामी होईपर्यंत दोरीच्या किती गाठी हातातून सरकल्या ते मोजायचे, त्यावरून वेग ठरवायचा, होकायंत्रावरून दिशा घ्यायची आणि नकाशावर रेघ ओढायची. वेगाला आपण आजही 'नॉट', म्हणजे गाठ, म्हणतो ते यामुळेच. या रीतीत एक मोठी उणीव होती: पाण्याचा प्रवाहच जहाजाला ओढून नेत असेल, तर फळीही त्याच पाण्यावर तरंगत असल्यामुळे तो प्रवाह मोजलाच जात नसे.

या एका उणिवेची किंमत 'आर्निस्टन' या जहाजाने चुकवली. 1794 साली बांधलेल्या या जहाजाने ईस्ट इंडिया कंपनीसाठी आठ सफरी केल्या होत्या. 1815 साली ते सिलोनहून जखमी आणि आजारी सैनिकांना इंग्लंडला परत नेण्याच्या कामावर लावले गेले. जहाजावर 378 माणसे होती. त्यांत 14 स्त्रिया आणि 25 मुले होती. क्रोनोमीटर मात्र नव्हते. त्याची किंमत 60 ते 100 गिनींच्या (गिनी हे तेव्हाचे ब्रिटिश चलन) घरात होती. ती स्वतःच्या खिशातून भरण्याची कप्तान जॉर्ज सिम्पसन यांची ऐपत नव्हती आणि मालकांनी ते घेऊन दिले नाही. घड्याळाशिवाय जायचे नसेल तर दुसरा कप्तान नेमू, असे त्यांना सुनावण्यात आले. हे वाचताना मी दर वेळी थांबतो. 378 माणसांचा जीव एका घड्याळाच्या किमतीवर टांगला जात आहे, हे कोणाच्याच मनात आले नसेल का?

4 एप्रिल 1815 रोजी सिलोनच्या गॉल बंदरातून आर्निस्टन ज्या काफिल्यासोबत निघाले, तो युद्धनौकांच्या संरक्षणात होता. काफिल्यात असेपर्यंत सोबतच्या जहाजांच्या आधाराने वाटचाल करता येत होती. परंतु मेच्या अखेरीस, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ, खराब हवामानात शिडांची हानी होऊन 26 तारखेला आर्निस्टन एकटे पडले आणि तो आधार तुटला.

पूर्वेकडून येणाऱ्या जहाजाला आधी केप अगुल्हास हे खंडाचे सर्वांत दक्षिणेकडचे टोक लागते, मग आणखी पश्चिमेला केप पॉइंट, आणि ते ओलांडल्यावर उत्तरेकडे वळून सेंट हेलेना बेटाचा रस्ता धरता येतो. 29 मे रोजी पहाटेच्या आधी आर्निस्टनवरून जमीन दिसली. ती केप पॉइंटची असावी, असा समज झाला. प्रत्यक्षात ती अगुल्हासजवळची होती. उलटे वारे आणि प्रवाह यांच्यामुळे जहाज अंदाजापेक्षा बरेच मागे राहिले होते, आणि ते मागेपण गाठींच्या दोरीला कळणे शक्य नव्हते. आता आपण केपच्या पश्चिमेला खुल्या समुद्रात आहोत या विश्वासाने त्यांनी सेंट हेलेनाच्या दिशेने जहाज वळवले, आणि ती दिशा थेट किनाऱ्यावर जात होती.

आता जरा हिशेब करून पाहू. केप अगुल्हासचा रेखांश पूर्वेचे 20 अंश आहे, तर केप पॉइंटचा सुमारे साडेअठरा. फरक दीड अंशाचा, अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. घड्याळाच्या भाषेत हा फरक अवघ्या 6 मिनिटांचा होतो. गॉल सोडून आठ आठवडे झाले होते, आणि नीट जपलेले चांगले क्रोनोमीटर तेवढ्या काळात इतकी चूक करीत नसे. जहाजावर ते असते, आणि सूर्य थोडा वेळ जरी दिसला असता, तर समोरची जमीन कोणती याबद्दल शंका उरली नसती.

30 मे रोजी सकाळी पुन्हा जमीन दिसली आणि नंतर समोर फेसाळणारे खडक. परतायला वाव नव्हता. नांगर टाकले, पण दोन नांगरांचे दोर तुटले. तेव्हा उरलेला दोर तोडून जहाज किनाऱ्याकडे घालावे म्हणजे काही माणसे तरी वाचतील, असा निर्णय झाला. जहाज किनाऱ्यापासून दूर पाण्यातच रुतले आणि त्या रात्रीच लाटांनी त्याचे तुकडे केले. 372 माणसे मेली. जिवंत किनाऱ्याला लागले ते फक्त सहा जण.

या सहा जणांची पुढची हकिकत मला अधिकच अस्वस्थ करते. जहाज केप पॉइंटच्या पश्चिमेला फुटले आहे अशीच त्यांची समजूत होती. म्हणून केप टाउन गाठण्यासाठी ते किनाऱ्याकिनाऱ्याने पूर्वेकडे निघाले, म्हणजे शहराकडे पाठ करून. चार-साडेचार दिवस चालल्यावर चूक लक्षात आली आणि ते मोडक्या जहाजापाशी परतले. किनाऱ्याला लागलेल्या पिंपातले ओटचे ओले पीठ त्यांनी उन्हात पसरून वाळवले आणि त्यावर दिवस काढले. अखेर 14 जून रोजी एका शेतकऱ्याच्या मुलाच्या दृष्टीस ते पडले. म्हणजे ज्या चुकीने जहाज फुटले, ती चूक जमिनीवर पाय टेकल्यानंतरही त्यांच्या सोबत चालत राहिली.

सर्वच नाश घड्याळाअभावी झाले असे मी म्हणणार नाही. 5 फेब्रुवारी 1805 रोजी 'अर्ल ऑफ अ‍ॅबरगॅव्हेनी' हे कंपनीचे जहाज बंगाल आणि चीनकडे निघाले असताना, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टलंडजवळच्या उथळ दांड्यावर चढले. तेथील पाण्याची माहिती असलेला वाटाड्या जहाजावर असतानाच हे घडले. अडीचशेहून अधिक माणसे गेली, त्यांत कवी वर्ड्‌स्वर्थ यांचे बंधू असलेले कप्तान जॉन वर्ड्‌स्वर्थ हेही होते. 1807 सालच्या फेब्रुवारीत अ‍ॅडमिरल ट्रूब्रिज यांची 'ब्लेनहाइम' ही युद्धनौका मद्रासहून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडील केपकडे जाताना रॉड्रिग्ज बेटाजवळच्या वादळात नाहीशी झाली. ती जुनी, खिळखिळी झालेली आणि गळकी आहे हे ठाऊक असूनही तिने प्रवास केला होता. 24 डिसेंबर 1811 रोजी डेन्मार्कच्या जटलंड किनाऱ्यावर 'सेंट जॉर्ज' आणि 'डिफेन्स' या दोन मोठ्या युद्धनौका फुटल्या. सेंट जॉर्जची आधीच्या वादळात मोडतोड झालेली होती आणि अ‍ॅडमिरल तिच्यावर होते. अ‍ॅडमिरलचा इशारा मिळाल्याशिवाय त्यांना सोडून जाणार नाही, या निश्चयाने डिफेन्सचा कप्तान शेवटपर्यंत तिच्याजवळ राहिला. दोन्ही नौकांवर मिळून कित्येक शे माणसे होती. वाचलेल्यांची संख्या वीसलाही पोहोचली नाही. येथे वादळ खरेच निर्णायक ठरले, पण हिवाळा तोंडावर आलेला असताना मोडक्या नौकेला बाल्टिकमधून परत आणण्याचा निर्णय माणसांचाच होता.

नकाशांची अवस्था हे आणखी एक कारण, आणि येथे मुंबईचा संबंध येतो. 1786 साली चुकीच्या नकाशामुळे 'अ‍ॅटलास' हे जहाज दिएगो गार्सिया बेटावर फुटले. त्यावर जेम्स हॉर्सबर्ग नावाचा एक तरुण अधिकारी होता. पुढे तो मुंबईला आला, येथून निघणाऱ्या व्यापारी जहाजांवर वर्षानुवर्षे फिरला आणि मार्गातील खडक, उथळ जागा, वारे व प्रवाह यांच्या नोंदी अतिशय चिकाटीने ठेवत गेला. त्यातून पूर्वेकडच्या समुद्रांसाठी मार्गदर्शनाचा जो ग्रंथ तयार झाला, त्याचा आधार पुढे अनेक दशके खलाशांनी घेतला. 1810 साली कंपनीने त्याला आपला जलालेखक, म्हणजे समुद्राचे नकाशे तयार करणारा अधिकारी, नेमले. एका फुटलेल्या जहाजावरून वाचलेल्या माणसाने पुढची किती जहाजे वाचवली असतील, याची मोजदाद करणे शक्य नाही, पण मला हा माणूस त्या काळातला फार मोठा माणूस वाटतो.

वेळेचा प्रश्नही मुंबईत गांभीर्याने घेतला गेला. 1826 साली कंपनीने कुलाब्याला वेधशाळा स्थापन केली. बंदरातील जहाजांसाठी खगोलीय निरीक्षणे आणि अचूक वेळ, हा तिच्या कामाचा मूळ हेतू होता. आज आपण कुलाबा हे नाव पावसाच्या आकड्यांच्या संदर्भात ऐकतो, पण त्या वेधशाळेची सुरुवात आर्निस्टनकडे जे नव्हते, त्यासाठी झाली होती.

मुंबईशी जोडलेली आणखी एक हानी सांगण्याजोगी आहे, जरी ती लढाईतली असली तरी. 1812 सालच्या अखेरीस 'जावा' ही ब्रिटिश नौका मुंबईकडे येत होती. तिच्यावर मुंबईचे नियोजित सरसेनापती हिस्लॉप होते, मुंबईच्या गोदीत बांधल्या जात असलेल्या 'कॉर्नवॉलिस'साठी तांब्याचे पत्रे होते, आणि नव्या नौकेचे आराखडेही होते. 29 डिसेंबर रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' नौकेने तिचा पराभव केला आणि नंतर ती जाळण्यात आली. हिस्लॉप वाचले, 1817 साली महिदपूरला होळकरांविरुद्ध लढणारे सेनापती तेच. आराखडे पुन्हा पाठवावे लागले, आणि त्यांवरून मुंबईच्या जहाजबांधणी करणाऱ्या वाडियांच्या देखरेखीखाली सागवानात बांधलेली 'ट्रिंकोमाली' 1817 साली मुंबईत पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगते आहे.

आर्निस्टन ज्या किनाऱ्यावर फुटले तेथे कर्नल गील्स यांच्या पत्नीने आपल्या चार मुलांच्या स्मरणार्थ शिला उभारली. चौघेही त्या जहाजावर होते. त्या भागात रात्री दिसेल असा दिवा तेव्हा नव्हता. केप अगुल्हासचे दीपगृह 1 मार्च 1849 रोजी प्रथम उजळले, म्हणजे जहाज फुटल्यानंतर जवळपास 34 वर्षांनी. जवळच्या कोळ्यांच्या गावाला लोक आजही आर्निस्टन याच नावाने ओळखतात.