मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मुलं इंग्रजीत कुठे अडतात?

खानापूर, बेळगाव, निपाणीकडच्या मराठी शाळेतल्या मुलाला मराठी, इंग्रजी आणि कन्नड अशा तीन भाषा आणि तीन लिप्या एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. त्यामुळे आठवीत आलेलं मूल इंग्रजीत मागे दिसलं, तर त्याला ढ ठरवू नका. बहुतेक वेळा वाचनच कच्चं असतं. देवनागरीत जसं लिहिलं तसं वाचायचं, इंग्रजीत तसं नाही. 'नाईफ'मधला पहिला 'के' बोलायचा नाही, हे कुणी सांगितलेलंच नसतं.

दुसरी अडचण वाक्याच्या बांधणीची. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून पोरं 'आय मँगो ईट' लिहितात. 'डिड यू वेंट' हीसुद्धा नेहमीची चूक. भूतकाळ 'डिड'नेच दाखवला की पुढे मूळ रूप 'गो'च येतं, हे फळ्यावर दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहून दाखवा. व्याख्या पाठ करून ते डोक्यात बसत नाही.

४० मिनिटांच्या तासातली पहिली १० मिनिटं मोठ्याने वाचनाला द्या, जोड्या लावून, म्हणजे पन्नासच्या वर्गातही प्रत्येकाची पाळी येते. नंतर रोज ५ वाक्यं स्वतःची लिहायला लावा. वाक्यं घरची, शेतातली असू देत. अर्थ मराठीत सांगायला हरकत नाही, पण अख्खा धडा भाषांतर करून उतरवून देऊ नका. एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या परीक्षेला, गाइडमधला निबंध पाठ करून मूल पास होतं खरं, पण पुढे पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, विषय इंग्रजीतून आले की तिथेच गळतं.