धुळ्याहून मोटरहोम घेऊन उन्हाळ्यात ट्राउटच्या फ्लाय फिशिंगला जायचंय, कुठे आणि कसं जाऊ?

भाऊ, सरळ हिमाचलची तीर्थन नदी धर, ब्राउन आणि रेनबो दोन्ही ट्राउट आहेत. पण मे अखेरची वाट बघू नको, बर्फ वितळून पाणी गढूळ होतं अन् माशाला फ्लाय, म्हणजे गळाला बांधलेला नकली किडा, दिसतच नाही, मार्च-एप्रिल बेस्ट. १ नोव्हेंबर ते फेब्रुवारी अखेर ट्राउट पकडायला बंदी असते, बाकी दिवसांत मत्स्य विभागाचं लायसन्स आधी काढ, ते नसेल तर गळ टाकूच नको. सेंधवा-इंदूरमार्गे दीड हजार किमीच्या आसपास पडेल, आपल्याकडचं ऊन माहितीये ना, पहाटे चारलाच निघ. औटच्या बोगद्याआधी लारजीकडे वळायचं, पुढे रस्ता अरुंद आहे, म्हणून मोठी गाडी नकोच, छोटी कॅम्परव्हॅन घे. वाटेत भाकरीसाठी कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ सोबत असू दे.