आमवात झाला म्हणून वरण बंद करू नका

आमवातावर, म्हणजे आरएवर (रुमेटॉइड आर्थ्रायटिसवर), आलेले चार प्रश्न आज एकत्र घेते. सगळे फिरून प्रोटीनवरच येतात.

प्रश्न : वय 52. सहा महिन्यांपूर्वी आरए निघाला. डाळीने युरिक ॲसिड वाढतं असं सगळे म्हणतात म्हणून तूर, मसूर, चणा सगळं बंद केलं. वजन तेवढंच आहे पण मांड्या बारीक झाल्या, खाली बसलं की हात टेकल्याशिवाय उठता येत नाही. (मानेवाडा)

ताई, आजपासून वरण सुरू करा, बाकीचं नंतर वाचा. युरिक ॲसिड अन्नातल्या आणि शरीरातल्या प्युरिन नावाच्या पदार्थापासून बनतं, तो गाऊटचा, म्हणजे युरिक ॲसिड सांध्यात साचून होणाऱ्या दुखण्याचा विषय आहे, तुमच्या आजाराशी त्याचा संबंध नाही. आरएमध्ये होतं काय, की सांध्यातल्या सुजेतून टीएनएफ, आयएल-6 असे पदार्थ रक्तात उतरतात आणि ते स्नायू तोडायला लावतात, त्यातून सुटलेले अमिनो ॲसिड, म्हणजे प्रोटीनचे सुटे तुकडे, लिव्हर उचलतं आणि त्यातून सीआरपीसारखी सुजेची प्रोटीन्स बनवतं. म्हणजे आजार मांडीचं मांस खर्च करतोय, आणि तुम्ही वरून भरणंही बंद केलं. वजन कमी दिसत नाही कारण स्नायूंच्या जागी चरबी येते, म्हणून काट्यावर विश्वास ठेवू नका, खुर्चीवरून हात न लावता उठता येतं का ते बघा. प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी चालू असेल तर स्नायू अजून झिजतात, पण ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही.

किती खायचं? आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) हिशोब निरोगी माणसाला किलोमागे 0.83 ग्रॅम आहे, किडनी ठीक असेल तर मी माझ्या आरएच्या पेशंटला 1 ते 1.2 सांगते. साठ किलोच्या बाईला साधारण 60 ते 70 ग्रॅम. 30 ग्रॅम कच्च्या तुरीच्या डाळीचं वरण साडेसहा ग्रॅमच्या आसपास देतं, एक अंडं सहा, पेलाभर दूध सहा, आणि 50 ग्रॅम सोया वडी तर पंचवीस, आपल्या विदर्भात सोयाबीन पिकतं आणि खायचं म्हटलं की तोंड वाकडं करतात याचं मला खरंच वाईट वाटतं. डाळीत मेथिओनिन हे अमिनो ॲसिड कमी, तांदूळ-गव्हात लायसिन हे कमी, म्हणून वरण-भात, वरण-पोळी एकमेकांची उणीव भरून काढतात. आणि हो, थोडा व्यायाम पाहिजेच, खुर्चीवरून उठ-बस दहा वेळा, दिवसातून दोनदा, नाहीतर नुसतं खाल्लेलं प्रोटीन स्नायूत पुरेसं लागत नाही.

प्रश्न : अँटी-सीसीपी ही आरएची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली. त्यातला एक सी म्हणजे सिट्रुलिन आणि टरबुजात सिट्रुलिन असतं असं वाचलं. टरबूज बंद करू का? (इतवारी)

नको, नागपूरच्या मे महिन्यात तर अजिबात नको. सिट्रुलिन हेही एक अमिनो ॲसिड. टरबुजातलं सिट्रुलिन सुटं असतं, त्याचं किडनीत आर्जिनिन हे दुसरं अमिनो ॲसिड बनतं. आजारातलं सिट्रुलिन वेगळं, तिथे शरीराच्या प्रोटीनमध्येच बसलेल्या आर्जिनिनला पीएडी नावाचं एन्झाइम जागच्या जागी बदलतं आणि आपलीच इम्युनिटी त्या प्रोटीनला परकं समजते. हे फुप्फुसात सिगरेट-बिडीने वाढतं, आणि हिरड्यांच्या आजारातला एक जंतू तर स्वतःचं पीएडी घेऊनच येतो. त्यामुळे बिडी सोडा. खर्रा खाऊन हिरड्या गेल्या असतील तर नागपूरच्या मेडिकलच्या (शासकीय मेडिकल कॉलेजच्या) आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे दाखवून या. शुगर असेल तर मात्र टरबूज मोजूनच.

प्रश्न : जिमवाले ग्लुटामिनचा (एका अमिनो ॲसिडच्या पावडरचा) डबा घ्या म्हणतात, आरएला चालेल? (प्रतापनगर)

पैसे वाचवा. सुजलेल्या सांध्यातल्या पेशी स्वतःच ग्लुटामिन भरपूर वापरतात, आणि पावडरने आरए सुधारतो असा पुरावा नाही. 1970 च्या दशकात आरएच्या पेशंटच्या रक्तात हिस्टिडिन हे अमिनो ॲसिड कमी दिसलं म्हणून त्याच्या गोळ्या देऊन पाहिल्या, ठोस फायदा काही दिसला नाही. रक्तात कमी दिसलं की ते भरून आजार बरा होतो असं नसतं.

प्रश्न : आईची मेथोट्रेक्सेट (आरएचं औषध) रविवारी असते. फॉलिक ॲसिडने तिचा असर जातो असं कोणी सांगितलं म्हणून फॉलिक थांबवलं, आता होमोसिस्टीन वाढलंय आणि तोंडात छाले आहेत. (हिंगणा रोड)

फॉलिक पुन्हा सुरू करण्यासाठी डॉक्टरांना आजच फोन करा, आणि छाले आहेत म्हणून पुढची मेथोट्रेक्सेट द्यायची की थांबायचं हेही त्यांनाच विचारा, सीबीसी ही रक्तपेशींची तपासणीही करून घ्या. शरीराने मेथिओनिन वापरलं की त्याचं होमोसिस्टीन होतं, ते परत मेथिओनिन व्हायला फोलेट (फॉलिक ॲसिड हे त्याचंच रूप) आणि बी-12 लागतं, आणि मेथोट्रेक्सेट नेमकी फोलेटचीच वाट अडवते. वेगळ्या दिवशी घेतलेल्या फॉलिकने आरएवरचा असर जात नाही, उलट छाले, मळमळ, लिव्हरचा त्रास कमी होतो. आई शाकाहारी असेल तर बी-12 पण तपासा.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. आईच्या पाकिटावर जाड पेनने मराठीत "फक्त रविवार" लिहा, आणि फॉलिकचं पाकीट दुसऱ्या डब्यात ठेवा.