सातव्या वर्षानंतरचा स्नानसंस्कार (बाप्तिस्मा)

प्रश्न : मी कॅथलिक, यजमान हिंदू. मुलगी १२ वर्षांची. तिचा बाप्तिस्मा तान्हेपणी आजोळी झाला, पण पुढे ती धर्मशिक्षणाला गेलीच नाही. मुलगा ९ वर्षांचा, त्याचा बाप्तिस्माच राहून गेला. आता दोघंही ख्रिस्तशरीर (चर्चच्या उपासनेत मिळणारी पवित्र भाकर) घ्यायचं म्हणतात. एकदमच करता येईल का? – एक आई, वसई

उत्तर : ताई, तयारी एकत्र होईल, संस्कारांची वाट मात्र वेगळी.

सात वर्षं पूर्ण होऊन समज आलेल्या मुलाला स्नानसंस्काराच्या बाबतीत चर्च प्रौढांतच धरतं. त्यामुळे प्रश्न तुम्हाला नव्हे, मुलाला विचारले जातात आणि उत्तरं त्यानेच द्यायची असतात. त्याला मनापासून हवंय की बहिणीला मिळणार म्हणून हवंय, हे धर्मगुरूंना त्याच्याशी एकट्याशी बोलू द्या. वडिलांची संमती आधीच घ्या, तीही लेखी. ऐनवेळी घरात कुरबुर झाली तर भरडलं जातं ते मूल.

वर्षभर तरी हाताशी ठेवा. सुरुवातीला स्वीकाराचा विधी होतो : मुलाच्या कपाळावर क्रूसाची खूण करतात, मग कान, डोळे, ओठ, छाती, खांदे यांवरही करता येते. त्यानंतर तो दीक्षार्थी, म्हणजे स्नानसंस्काराची तयारी करणारा. ईस्टरआधीचा उपवासकाळ नेमका वार्षिक परीक्षेच्या तोंडावर येतो, म्हणून प्रभूची प्रार्थना, विश्वासांगीकार (श्रद्धेची कबुली), मिस्सेचा (चर्चमधल्या मुख्य उपासनेचा) क्रम हे नाताळपर्यंत आटपा. उपवासकाळ प्रार्थनेसाठी मोकळा राहू द्या. मुलाला सगळं पाठ येतं पण अर्थ विचारला की ते गप्प होतं, असं दिसलं तर पुढच्या पास्कापर्यंत (ईस्टरपर्यंत) थांबा. त्यात कमीपणा काही नाही.

पास्काच्या जागराला, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या उपासनेला, त्याला स्नानसंस्कार, दृढीकरण (कपाळावर सुगंधी तेल लावून श्रद्धा दृढ करणारा संस्कार) आणि ख्रिस्तशरीर हे तिन्ही एकाच मिस्सेत मिळतात. इथेच गल्लत होते. ‘दृढीकरण मोठेपणी, वर्गातल्या मुलांबरोबर घेऊ’ असं सर्रास ठरवलं जातं. पण अशा मुलाला स्नानसंस्कार देणाऱ्या धर्मगुरूंना दृढीकरणाचा अधिकार धर्मविधी संहितेनेच (चर्चच्या कायद्यानेच) दिलेला आहे (कलम ८८३) आणि तो वापरणं त्यांच्यावर बंधनकारक आहे (कलम ८८५). तेव्हा आग्रहाने, पण नम्रपणे विचारा.

मुलीचा स्नानसंस्कार पुन्हा होत नाही. आजोळच्या चर्चमधून तिच्या नोंदीचा ताजा दाखला आणा. आधी पापनिवेदन (धर्मगुरूंकडे पापांची कबुली), मग भावाबरोबर त्याच रात्री पहिलं ख्रिस्तशरीर. तिच्या दृढीकरणासाठी मात्र बिशपांची वेगळी परवानगी लागते. ती नसेल तर धर्मग्रामाच्या (आपल्या चर्चच्या) पुढच्या दृढीकरणाला.

मुलालाही आधी पापनिवेदन लागेल का, असं बऱ्याच आया विचारतात. नाही; स्नानसंस्कारानेच पापक्षमा होते. पापनिवेदन शिकवून ठेवा, करायचं ते नंतर.

त्या रात्रीपुरतं थोडं : जागर लांबतो, दुपारी झोप काढून घ्या. ख्रिस्तशरीराआधी तासभर पाणी आणि औषधाखेरीज काही खाऊ-पिऊ देऊ नका. पाणी डोक्यावर तीनदा ओततात, तेव्हा कोरडा सदरा आणि टॉवेल जवळ हवा. कपाळावरचं सुगंधी तेल लगेच पुसू नका. आदल्या आठवड्यात साध्या, मिस्सेत न वापरलेल्या होस्टने (ख्रिस्तशरीरासाठीच्या पातळ भाकरीने) सराव करून घ्या : डावा तळवा वर, त्याखाली उजवा, ‘आमेन’, मग उजव्या हाताने उचलून तिथेच तोंडात. सराव नसेल तर मूल ती मुठीत धरून जागेवर परत येतं.

प्रश्न : माझी धाकटी बहीण मुलाची धर्ममाता (स्नानसंस्काराच्या वेळी त्याच्या श्रद्धेची जबाबदारी घेणारी) होऊ शकेल का? ती १५ वर्षांची आहे. – तीच आई

उत्तर : साधारण नियम १६ पूर्णचा; योग्य कारण असेल तर धर्मगुरू सूट देऊ शकतात. शिवाय ती कॅथलिक हवी, दृढीकरण आणि ख्रिस्तशरीर झालेली हवी. आई-वडिलांना धर्ममातापिता होता येत नाही. एकच व्यक्ती पुरते. दोन असतील तर एक पुरुष, एक स्त्री. निवडताना नात्यापेक्षा, दर रविवारी मुलाला मिस्सेला कोण नेईल ते पाहा.