गाड्या आणि सिग्नल यांच्यातले रेडिओ संदेश गोळा करून लोकांनीच नकाशा बनवला, तर खासगीपणाला धोका आहे का?

तुमचा मुद्दा असा: या संदेशांत ना नाव असतं ना नंबरप्लेट, शिवाय ते उघड्यावर प्रसारित होतात, मग दहा-वीस जणांनी रिसीव्हर लावून ते नकाशावर टाकले तर कोणाचं काय बिघडलं? मीही बरेच महिने गाडीच्या काचेमागे असाच रिसीव्हर लावून फिरलोय आणि सुरुवातीला हेच म्हणायचो. आता म्हणत नाही.

हे संदेश ज्यावर चालतात त्या ५.९ गिगाहर्ट्झच्या रेडिओ पट्ट्यात सिग्नलचा खांब काय बोलतो आणि गाडी काय बोलते, हे आधी वेगळं करा. खांबावरचं युनिट चौकाची रचना सांगतं, म्हणजे कुठली लेन कुठे वळते, थांबरेषा कुठे आहे. हिरवा दिवा आणखी किती वेळ राहील, पुढे रस्त्याचं काम चालू आहे का, हेही सांगतं. खांबाला घर नसतं, त्याला डॉक्टरकडे जायचं नसतं. तो खुशाल नकाशावर मांडा. कुठल्या चौकात युनिट बसलंय आणि त्यातलं कुठलं खरंच चालू आहे, याची यादी लोकांच्या हाती असणं चांगलंच.

गाडीचं तसं नाही. युरोपीय मानकानुसार ती सेकंदाला १ ते १० वेळा आपली जागा, वेग, दिशा आणि लांबी-रुंदी ओरडून सांगते. अमेरिकी मानकात साधारण १० वेळा. संदेश गुप्त केलेला नसतो, कारण समोरून येणाऱ्या अनोळखी गाडीला तो त्या क्षणी वाचता आला पाहिजे. त्यावर फक्त डिजिटल सही असते. सहीवरून माग काढता येऊ नये म्हणून गाडीला टोपणनावं दिली जातात. अमेरिकेत आखलेल्या रचनेत आठवड्याला सहीची २० प्रमाणपत्रं, म्हणजे २० टोपणनावं, आणि दर ५ मिनिटांच्या आसपास अदलाबदल, असा हिशेब आहे.

कागदावर हे उत्तम दिसतं. पण एका रात्री मी माझाच लॉग, म्हणजे रिसीव्हरने साठवलेल्या संदेशांची फाइल, उघडून बसलो. रस्ता जवळपास रिकामा, पुढे एकच गाडी. तिने टोपणनाव बदललं, आणि पुढच्याच संदेशात, सेकंदाच्या दहाव्या भागानंतर, तीच लांबी, तीच रुंदी, तोच वेग असलेली 'नवी' गाडी दोन मीटर पुढे हजर! ओसाड रस्त्यावर एकट्या माणसाने टोपी बदलावी, तसला प्रकार. गर्दीत हे अवघड होतं, पण गाडीचा दिवस जिथे सुरू होतो आणि संपतो तिथे गर्दी नसतेच. नेमकी तीच दोन टोकं माणसाची ओळख सांगतात. २०१३ मध्ये १५ लाख लोकांच्या मोबाइल नोंदींवर झालेल्या एका अभ्यासात जागा-वेळेचे चारच बिंदू ९५ टक्के लोकांना वेगळं ओळखायला पुरले होते, आणि तिथे जागेची अचूकता मोबाइल टॉवरएवढीच होती. गाडीचा संदेश त्यापेक्षा कितीतरी बारीक असतो.

'उघड्यावर आहे' हा युक्तिवादही इथेच अडतो. एका चौकात एकाने ऐकलं आणि विसरलं, यात वाईट काही नाही. पन्नास जणांनी पन्नास चौकांत ऐकून वेळेसकट जपून ठेवलं की त्याची पाळत होते, भले कोणाच्या मनात पाळत ठेवायची नसो. युरोपीय संघाच्या डेटा संरक्षण कार्यगटाने २०१७ मध्येच हे संदेश वैयक्तिक माहितीत मोडतात असं मत दिलं होतं. तेव्हा मला ते कायदेवाल्यांचं नेहमीचं घाबरणं वाटलं होतं.

बरेच जण म्हणतात, 'आम्ही गाडीचा क्रमांक हॅश करून ठेवतो', म्हणजे गणिती सूत्राने त्याचं अगम्य अक्षर-आकड्यांत रूपांतर करून. नका ठेवू. हा क्रमांक म्हणजे नंबरप्लेट नव्हे, तर संदेशातला ओळख-क्रमांक; तो ३२ बिटांचा असतो, म्हणजे जेमतेम ४२९ कोटी शक्यता. त्या सगळ्यांचे हॅश काढायला घरचा कॉम्प्युटर पुरतो. न्यूयॉर्कच्या टॅक्सींच्या १७ कोटींहून जास्त फेऱ्यांची माहिती २०१४ मध्ये अशीच हॅश करून बाहेर आली होती आणि परवाना क्रमांक लगेच उलगडले गेले.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत ते. सगळ्यात आधी उघडा पडतो तो गोळा करणारा. प्रत्येक नोंदीला तुमचं खातं, तुमची जागा आणि वेळ चिकटलेली. रेडिओचा पल्ला काहीशे मीटर, त्यामुळे 'मला हा खांब ८:१२ ला ऐकू आला' याचा अर्थ तुम्ही ८:१२ ला तिथेच होता. मी घराभोवती एक वर्तुळ आखून आतल्या नोंदी गाळत होतो आणि निर्धास्त होतो. मग सगळे माग नकाशावर एकत्र काढले. ते एका गोल रेघेवर येऊन तुटत होते, आणि गोलाचा मध्य कुठला, हे शाळकरी मुलानेही सांगितलं असतं. आता वर्तुळाचा मध्य मुद्दाम बाजूला सरकवलेला आहे आणि अंतरही मोठं ठेवलंय.

माझ्या रिसीव्हरमध्ये सध्या गाडीचा संदेश डिस्कवर उतरतच नाही, मेमरीतच टाकून दिला जातो. सर्व्हरवर गाळू असं ठरवलं, तर कच्ची फाइल कोणाच्या तरी बॅकअपमध्ये राहतेच. खांबांच्या नोंदी आठवड्याने एकदम चढवतो, खात्याच्या नावाशिवाय. वेळेऐवजी फक्त 'या आठवड्यात चालू होता' एवढंच. बस, ट्रॅम सिग्नलकडे हिरवा मागतात त्या विनंत्यांची मोजणी कोणी मागितली, तर चौकवार एकूण आकडा देतो, गाडीवार नाही. यामुळे वाहतुकीचा वेग दाखवणारा झकास रंगीत थर मला बनवता आलेला नाही, आणि गटातले दोघे त्यावरून अजून नाराज आहेत.

तुमच्याकडे आधीच जमलेला कच्चा लॉग असेल, तर खांबांच्या नोंदी वेगळ्या काढा आणि मूळ फाइल आजच पुसा, बॅकअपसकट.