बर्गंडीतली सायकलवाट, आणि माकाँला सायकल सोडण्याचा प्रश्न

तुमचा प्रश्न वाचला आणि त्या "हो, चालेल" मेलपाशीच थबकले. जूनमध्ये नऊ वर्षांचा मुलगा आणि पासष्टीच्या सासूबाई यांना घेऊन तुम्ही फ्रान्समधल्या बर्गंडीत बोनहून माकाँपर्यंत द्राक्षमळ्यांतून, गाड्या नसलेल्या वाटेने जाणार. सायकली बोनला भाड्याने घेऊन माकाँला सोडणार. दुकानाने मेलवर होकार कळवलाय, तर तेवढं पुरेसं आहे का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात नाही. आमची आखणी नेमकी हीच होती, सोबत मुलगा आणि सासूबाईही होत्या.

हेल्मेट, पंक्चरचं सामान, नकाशे वगैरे तुम्ही बघालच, ते सोडून देते.

आमच्याही दुकानाने असाच होकार दिला होता. नाव लिहीत नाही, तिथली माणसं एव्हाना बदललीही असतील. माकाँमधला पत्ता देऊन "आमचे भागीदार आहेत, सायकली ठेवा आणि निघा" म्हणाले. त्यावर विसंबून आम्ही माकाँ-लोशेहून पॅरिसची दुपारची टीजीव्ही, म्हणजे तिकडची अतिवेगवान रेल्वे, काढली, पैसे परत न मिळणारी स्वस्तातली तिकिटं. पत्त्यावर पोचलो तर शटर खाली. तिकडे लहान गावांत दुपारी बारा ते दोन बहुतेक सगळं बंद असतं, म्हणून थांबलो. दोननंतर एक बाई आल्या, सायकलींवरचं स्टिकर पाहिलं आणि म्हणाल्या, यांच्याशी आमचा करार गेल्या हंगामातच संपला. बोनला फोन लावला. तिथल्या माणसाने करारातलं कलम वाचून दाखवलं: सायकल जिथून घेतली तिथेच परत, नाहीतर डिपॉझिटमधून कापणार. आमच्या मेलचं काय, विचारलं तर तो सहकारी आता इथे नाही म्हणे.

मग सायकली गाडीने बोनला परत न्यायच्या म्हणून माकाँ-व्हिल स्टेशन. (हे आणि माकाँ-लोशे वेगळे. टीजीव्ही बहुतेक लोशेला थांबतात आणि ते शहराबाहेर आहे.) आमच्या सायकली ई-बाइक, आणि ई-बाइक पंचवीस किलोच्या आसपास भरते. बॅटरी काढायची, पिशव्या उतरवायच्या, दोघांनी धरून डब्यात चढवायची, आणि गाडी थांबते जेमतेम दोन मिनिटं. टीईआर म्हणजे तिकडच्या लोकल-पॅसेंजर गाड्यांत सायकल फुकट नेता येते खरी, पण जागा मोजकी. पहिल्या गाडीत सायकली टांगायचे हुक आधीच भरलेले. नवरा आणि मुलगा दोन सायकली घेऊन कसेबसे चढले, मी आणि सासूबाई पुढच्या गाडीची वाट बघत फलाटावर. बोनला पोचलो तोवर दुकान बंद व्हायला आलं होतं, पॅरिसची गाडी केव्हाच गेली होती आणि ऐनवेळच्या तिकिटांना सायकलींच्या भाड्याहून जास्त पैसे गेले. सासूबाई एका शब्दाने बोलल्या नाहीत, पण त्यांचे पाय सुजले होते. त्याचाच मला आजही राग येतो. करार संपल्याचं त्या दुकानाला महिनोन्‌महिने माहीत होतं. दोन ओळींचा मेल टाकला असता तर आम्ही सगळं वेगळं आखलं असतं.

म्हणून माझं स्पष्ट मत, कोणाला पटो न पटो: कुटुंबासोबत असाल तर एकेरी भाड्याच्या फंदात पडू नका. दोन तुकडे करा.

पहिला तुकडा शालाँ-स्युर-सोनहून. सायकली तिथेच घ्या आणि तिथेच परत करा. शालाँहून जिव्रीला जायचं, आणि जिव्री ते क्लुनी ही ४४ किलोमीटरची वाट म्हणजे १९९७ साली खुली झालेली फ्रान्समधली पहिली व्हॉय व्हेर्त, म्हणजे मोटारींना बंद असलेली 'हिरवी वाट'. जुन्या रेल्वेमार्गावर डांबर घातलंय. आगगाडीसाठी केलेली वाट, त्यामुळे चढ जाणवेल न जाणवेल इतकाच. मोटारी, स्कूटर यांना बंदी. फक्त आडवे रस्ते लागतात तिथे मुलाला थांबायची सवय लावा, कारण तिथे थांबायचं आपण असतं. जुनी स्टेशनं अजून उभी आहेत. ब्युसीला उतारावर द्राक्षमळे आणि १९३१ पासूनची शेतकऱ्यांची सहकारी वायनरी. आपल्याकडच्या सहकारी कारखान्यांशी ज्याचा संबंध आलाय त्याला तिथे रमायला होईल. पुढे सें-जांगू, मग कॉर्मातँचा किल्ला. क्लुनीत ९१० साली स्थापन झालेला मठ. त्याचं चर्च रोमचं आजचं सेंट पीटर्स होईपर्यंत ख्रिस्ती जगातलं सर्वांत मोठं होतं. राज्यक्रांतीनंतर ते पाडून दगड विकले. जे उरलंय तेवढ्यानेही मान वर करून बघावं लागतं.

एका दिवसात क्लुनी गाठायचा हट्ट नको. सें-जांगूला मुक्काम करा, त्याच वाटेने परत या. तोच रस्ता पुन्हा कशाला, असं वाटेल, पण उलट दिशेने मळे वेगळेच दिसतात. आणि लक्षात ठेवा, क्लुनीला आता रेल्वे नाही. तिची रेल्वे म्हणजेच ही वाट. कोणी दमलं तर बस आहे, पण सायकली बसमध्ये घेतील या भरवशावर राहू नका.

क्लुनीपुढे माकाँच्या बाजूला ब्वा-क्लेरचा बोगदा आहे, १६०० मीटरचा. मुलाला तो नक्की आवडेल, त्यामुळे क्लुनीहून फक्त बोगद्यापर्यंत जाऊन परत या. जूनमध्येही आत चांगलाच गारठा असतो, सासूबाईंची शाल वरच्या पिशवीत ठेवा. हिवाळ्यात वटवाघळांसाठी तो बंद ठेवतात आणि मग डोंगरावरून जावं लागतं. जूनमध्ये ती अडचण नाही, तरी निघण्यापूर्वी चौकशी करा.

दुसरा तुकडा बोन ते सांतने, साधारण वीस किलोमीटर. पोमार, व्होल्ने, मर्सो, प्युलिन्यी अशी ज्यांच्या नावाने वाइन विकली जाते ती गावं ओळीने लागतात. बोनलाच दिवसभरासाठी सायकली घ्या, जमेल तिथून मागे फिरा. पण ही वाट पूर्ण मोकळी नाही. मळ्यांतल्या शेतरस्त्यांवरून जाते, ट्रॅक्टर येतात, आणि जूनमध्ये फवारणी सुरू असते. ट्रॅक्टर दिसला की बाजूला होऊन थांबा, तो त्यांच्या कामाचा रस्ता आहे. नाशिककडे मांडवाखाली सावली मिळते तशी इथे नाही. वेली कमरेएवढ्या, तारेवर बांधलेल्या, ऊन थेट डोक्यावर. पोमार-व्होल्नेच्या आसपास छोटे पण दमवणारे चढ आहेत, तिथे सासूबाईंना ई-बाइकच हवी.

वाइन चाखण्याबद्दल: दारू पिऊन वाहन चालवण्याचा नियम तिथे सायकललाही लागू आहे, मर्यादा रक्तात लिटरला ०.५ ग्रॅम. चव घेऊन थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, संकोच न करता वापरा, सगळेच वापरतात. लहान मळेवाल्यांकडे आधी कळवून जा. मुलाला हेल्मेट घालायला लावण्यात मात्र तडजोड नको. बारा वर्षांखालच्यांना ते तिथे कायद्याने सक्तीचं आहे.

सासूबाई शाकाहारी आहेत का, ते तुम्ही लिहिलं नाहीये. असतील तर मेतकूट, भाजणी, कोरडा चिवडा न्या, पण तूप आणि खव्याचे पदार्थ नेऊ नका. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. रविवारी दुपारनंतर किराणा मिळणं कठीण, शनिवारीच घेऊन ठेवा. सोमवारी बऱ्याच गावांत बेकरीसुद्धा बंद असते.

आता त्या मेलचं. तरीही माकाँलाच सोडायचं ठरवलंत, तर दुकानाला परत लिहा: माकाँला सायकल घेणाऱ्या दुकानाचं नाव आणि फोन, त्या दिवशीची उघडण्याची वेळ, आणि "परतीचं ठिकाण माकाँ" ही ओळ खुद्द भाडेकरारात हवी, मेलमध्ये नव्हे. मग माकाँच्या दुकानाला स्वतः फोन करा. करारावर सही करण्याआधी परतीच्या ठिकाणाचा रकाना वाचा, फ्रेंच येत नसेल तर फोनवर भाषांतर करून वाचा. परतीची गाडी त्या दिवशीची काढूच नका, दुसऱ्या दिवशीची काढा.

दुकानाचं उत्तर आलं की इथे टाका. करारातली ओळ फ्रेंचमध्ये असेल तर तशीच उतरवा, मी वाचून सांगते.